बाळ त्यांचं, नाव माझं

पत्र

काकू, मी 28 वर्षांची. हवेली तालुक्यातल्या एका गावात सासर. चार वर्षांची एक मुलगी आहे. सरळसेवेचा अभ्यास करते, त्यासाठी रोज पीएमपीच्या बसनं पुण्यातल्या नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत येते. सोडतीत आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी निघालंय आणि थोरल्या जाऊबाईंना उभं करायचं असं घरात ठरलंय. निवडणूक वर्षभरावर आहे. पण जाऊबाईंना दोन मुली आहेत आणि आता पाचवा महिना चालू आहे. तिसरं मूल झालं की अर्ज बाद. म्हणून सासऱ्यांनी आणि दादांनी (माझे थोरले दीर) असं काढलंय की बाळ माझ्या नावावर लावायचं. जाऊबाईंनी लगेच माहेरी जायचं, मी अभ्यासाचं निमित्त करून पुण्यात खोली घेऊन राहायचं आणि लांबच्या एखाद्या दवाखान्यात माझं आधार कार्ड दाखवून त्यांचं बाळंतपण करायचं. त्यांची आधीची दोन्ही सिझेरियन आहेत. खोलीचं भाडं आणि क्लासची फी सासरे भरणार. सासूबाई म्हणतात, 'या वेळी मुलगाच आहे, घरातच वाढणार आहे, नुसतं कागदावर नाव लावायचं तर तुझं काय जातंय?' ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. काकू, खरंच, माझं काय जातंय?

उत्तर

अगं, हा प्रश्न तू अगदी शेवटी विचारलास. मी त्यालाच आधी हात घालते.

तू ज्या परीक्षांचा अभ्यास करतेस, त्यांच्या कागदपत्रांत एक कागद असतो. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, नमुना अ. अभ्यासिकेतली बिनलग्नाची पोरं त्यावर हसत हसत सही करतात. राज्य सरकारनं मार्च 2005 मध्ये हे नियम आणले. 28 मार्च 2006 नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यांचा आकडा दोनाच्या वर गेला, की माणूस सरकारी नोकरीला अपात्र. गट अ ते गट ड, सगळ्यांना लागू.

आता मांड हिशेब. तुझी चिमुरडी एक, कागदावरचं बाळ दोन. उद्या तुला स्वतःला दुसरं मूल हवंसं वाटलं तर सरकारदरबारी ते तिसरं. नोकरी लागली नसेल तर दार बंद, लागली असेल तर ती धोक्यात. आणि समजा तुला दुसरं नकोच आहे. तरी नमुना अ वर तू आकडा काय लिहिणार? एक लिहिलास तर जन्माचा दाखला तुला खोटं पाडणार. दोन लिहिलास तर खोटं काय ते तुझं तुलाच माहीत. नोकरीतला पहिलाच कागद खोटा, आणि ते ठाऊक असणारी माणसं घरात निदान सहा. ज्या दिवशी बांधावरून किंवा वाटणीवरून बिनसेल, त्या दिवशी ही माहिती कुणाच्या खिशात असेल?

वाटणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. हवेलीत जमीन गुंठ्यावर विकली जाते, तिथे वारस म्हणजे थट्टा नव्हे. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला येईल त्यात तुझ्या लेकीचा जो हिस्सा आहे, त्यात दादांचा मुलगा तिचा सख्खा भाऊ म्हणून कागदोपत्री उभा राहणार. दादांच्या दोन मुलींना भाऊच नाही आणि तुझ्या मुलीला नसलेला भाऊ! आणि हो, दाखल्यावर वडील म्हणून तुझ्या नवऱ्याचं नाव लागणार आहे. 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणताना त्यांच्या हे लक्षात आलं होतं का? नसेल तर आज रात्री आण.

हे झालं तुझं. पण मला खरं बोलायचंय ते त्या बाळाबद्दल.

मी 32 वर्षं पुण्यातल्या पेठेतल्या एका शाळेच्या कार्यालयात काढली. खिडकीच्या आत मी, बाहेर पालक. एका वर्षी दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरणं चालू होतं आणि एक मुलगा खिडकीशी आला. आईचं नाव विचारलं तर म्हणाला, 'कोणतं?' मागचे दोघंतिघं हसले. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून खिडकीच्या गजांपाशी तोंड आणून हळूच म्हणाला, 'शाळेत लावलंय ते, का घरचं?' मी जनरल रजिस्टर उघडलं. तिथे त्याच्या काकूचं नाव होतं. का लावलं, कुणी लावलं, त्याला धड माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की बाहेर कुणाला सांगायचं नाही. पंधरा वर्षांचा पोरगा, हातात फाउंटन पेन, टोपण लावतोय आणि काढतोय. जनरल रजिस्टरला खाडाखोड चालत नाही, बदल करायचा तर पुरावे जोडून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून होता तो तोच खोटा दाखला. मी शाळेतलं नाव लिहून फॉर्म पुढे सरकवला. दुसरं काय करणार होते? त्यानं सही केली आणि 'थँक्यू मॅडम' म्हणून गेला. ते थँक्यू मला अजून टोचतं.

आणि तेव्हा कागद तरी कमी होते. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेचा प्रवेश, आधार, मतदार यादी, वाहनपरवाना, सरकारी नेमणूक, सगळीकडे जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जातो. शिवाय आपल्या राज्यानं 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी नाव लिहायची पद्धतच बदलली आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव लेकराच्या नावात यायला एवढी वर्षं गेली, आणि ते आलं तर आपण तिथे काकूचं घालणार! तो मुलगा आयुष्यभर जिथे जिथे पूर्ण नाव लिहील, तिथे तिथे तुझं नाव लिहील आणि जेवायला जाऊबाईंच्या ताटाशी बसेल.

आता दवाखाना. पत्रातलं हे वाक्य वाचताना माझा चहा गार झाला. आधीची दोन सिझेरियन म्हणजे तिसऱ्या वेळी डॉक्टरांना पहिल्यांदा माहीत हवं ते हेच. वार जुन्या टाक्यांच्या जागी चिकटली आहे का, टाका ताणतोय का, रक्ताची किती तयारी ठेवायची, हे सगळं आधीच्या फाइलवरून ठरतं. तुझ्या आधार कार्डाबरोबर तुझा इतिहास जाणार, त्यांचा नाही. पोटावरचे व्रण बघून डॉक्टर विचारणारच, आणि तिथे काय सांगायचं हेही सासऱ्यांनी ठरवलंय का? तुझा रक्तगट कोणता आणि त्यांचा कोणता? त्या निगेटिव्ह असतील आणि फाइलवर तू पॉझिटिव्ह म्हणून लागलीस, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन कुणी देणार नाही. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं केलेली आणि एका भाचीच्या वेळी रात्रभर रक्तपेढीच्या दारात बसलेली बाई आहे. तेवढ्यावरून सांगते, दुसरीच्या नावानं कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवू नये.

बरं, सगळं सुखरूप पार पडलं असं धरू. जाऊबाई प्रचाराला गावात परत येणार. बाळ सात-आठ महिन्यांचं. त्याला अंगावर कोण पाजणार? सभेत पदर ओला झाला तर गावातल्या बायकांना काय ते कळायला मिनिट लागत नाही. आशाताईच्या वहीत गरोदरपणाची नोंद असते, अंगणवाडीच्या रजिस्टरात मूल असतं, विरोधी पॅनेलकडे माहिती अधिकाराचा अर्ज तयार असतो. ग्रामपंचायतीच्या अपात्रतेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि अशा तक्रारींत हीच रजिस्टरं टेबलावर येतात. उद्या गाव महापालिकेत गेलं की हे सुटेल असंही समजू नका. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्यात आली, पण दोन अपत्यांची अट महापालिकेलाही आहे.

कुणीतरी 'दत्तक देऊन टाकू' असंही सुचवेल. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाच्या खटल्यात स्पष्ट म्हटलंय की तिसरं मूल दत्तक दिल्यानं अपात्रता पुसली जात नाही. तो रस्ता बंद.

सासूबाईंच्या वाक्यात एक शब्द आहे, 'मुलगाच'. कसं कळलं ते तू लिहिलं नाहीस. पोटाचा आकार आणि डोहाळे यांवरून म्हणत असतील तर म्हणू देत, माझ्याही सासूबाई म्हणायच्या आणि दोन्ही वेळा चुकल्या. पण कुठे तपासून आणलं असेल तर तो गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्या कायद्यात एक शहाणं कलम आहे. अशी तपासणी झाली तर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी बाईला भाग पाडलं असं न्यायालय गृहीत धरतं. म्हणजे आधी जबाबदारी घरच्यांवर येते, जाऊबाईंवर नाही. हे त्यांना एकटं गाठून सांग.

तू म्हणशील, काकू, मग तो दोन अपत्यांचा कायदा बरोबर आहे का? नाही. मला तो पटत नाही आणि हे मी उघड लिहिते.

आपल्याकडे हा विषय सुरू झाला तो बाईच्या बाजूनं. 1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली. पुण्यात शकुंतला परांजप्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं, लोकांची बोलणी खात. त्यांचं म्हणणं साधं होतं, मूल कधी आणि किती हे जिच्या पोटात वाढतं तिनं ठरवावं. पुढे सरकारला घाई झाली. आणीबाणीत, 1976 मध्ये, आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, हे नशीब. आणि मग आली ती पंचायतीची अट, सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यत्व नाही.

गोम अशी की ज्या वाढीला घाबरून हे केलं, ती केव्हाच ओसरली आहे. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला बाईमागे सरासरी 2.1 मुलं लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा 1.7 आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तर 2001 ते 2011 या दहा वर्षांत माणसं कमी झाली. आपला पुणे जिल्हा त्याच काळात 30 टक्क्यांनी वाढला, पण हिंजवडी-चाकणच्या रस्त्याला उभं राहून बघ, ही वाढ पाळण्यातून किती आली आणि टेम्पोत सामान भरून किती आली ते कळेल. बायका आपण होऊन थांबल्या. शिकल्या, लग्नं उशिरा झाली, मुलं जगायला लागली म्हणून थांबल्या. हरियाणानं सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला कायदा पुढच्या काही वर्षांत स्वतःच मागे घेतला. हिमाचल, मध्य प्रदेश, छत्तीसगडनंही घेतला. आंध्रनं 2024 मध्ये काढून टाकला, तिथे आता म्हातारी माणसं वाढल्याची चिंता आहे. आपण अजून धरून बसलोय.

आणि त्याचा मार बसतो कुणाला? 2011 पासून आपल्या पंचायतीत निम्म्या जागा बायकांना. बाई निवडून येते, मूल किती ते घर ठरवतं, अपात्र ती होते. दोनच मुलं आणि त्यात एक मुलगा हवाच, हे गणित बसवायला घरं काय काय करतात ते जनगणनेत दिसतं. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, 2011 मध्ये 894. सगळा दोष या एका अटीचा असं मी म्हणणार नाही, पण तिनं हातभार लावला नसेल असंही मला वाटत नाही.

तर कायदा मला मान्य नाही. पण तुझ्या घरच्यांचं भांडण कायद्याशी आहे कुठे? अट रद्द करा म्हणून त्यांनी कधी तहसीलवर निवेदन दिलंय? त्यांना अट चालते, मुलगा हवा आणि पद हवं. तिन्ही जमवायचं म्हणून दोन सुनांची अदलाबदल करायची. पत्र मी दोनदा वाचलं. जाऊबाईंना काय वाटतं याबद्दल त्यात एक ओळ नाही. त्यांना सरपंच व्हायचंय का? हे मूल हवंय का? ते ठेवायचं की नाही यालाही कायद्यानं संमती फक्त त्यांचीच लागते, नवऱ्याची नाही, सासऱ्याची तर नाहीच. पाचवा महिना म्हणजे दिवस थोडे आहेत, तेव्हा कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं. ठेवायचं ठरवलं तर मूल त्यांच्या नावानं, त्यांच्या फाइलवर, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होऊ दे. सरपंचपद हुकेल. हुकू दे.

एक गंमत सुचली, सल्ला म्हणून घेऊ नकोस. घरात 21 वर्षं पूर्ण झालेली, शिकलेली, एकच मूल असलेली सून बसली आहे. अर्ज भरायला पूर्ण पात्र. तुझं नाव एकाच्याही डोक्यात आलं नाही? दाखल्यासाठी आलं, अर्जासाठी नाही. जेवताना कधीतरी एवढं म्हणून बघ आणि सासऱ्यांचा चेहरा मला कळव.

आता नाही कसं म्हणायचं. कायद्यावर भाषण देऊ नकोस, घरात भाषणाला कुणी दाद देत नाही. आधी नवऱ्याशी बोल, खोलीचं दार लावून. तुमचं नाव वडील म्हणून लागतंय आणि माझ्या नोकरीच्या कागदावर मला खोटी सही करावी लागतेय, एवढी दोनच वाक्यं. ते गप्प बसतील. बसू दे, दोन दिवस थांब. मग सासऱ्यांना ह्यांनीच सांगायचं, तू नाही. वडिलांना नाही म्हणायचं काम मुलाचं आहे, सुनेच्या तोंडून ते उर्मटपणा ठरतं. ह्यांनी अंग काढून घेतलंच तर सासूबाईंना तू सांग, 'आई, माझं आधार कार्ड मी देणार नाही.' त्यापुढे कारण देत बसू नकोस, कारणं दिली की घरातले लोक एकेक खोडत बसतात. आणि आधार कार्ड आजच कपाटातून काढून पर्समध्ये ठेव. झेरॉक्ससुद्धा कुणाच्या हाती देऊ नकोस.

जाऊबाई माहेरी जायच्या आत त्यांच्याबरोबर एक दुपार काढ. भाजी निवडायला बस, मुली शाळेत असताना. जुनी दवाखान्याची फाइल कुठे आहे विचार आणि ती त्यांच्या बॅगेत गेलेली डोळ्यांनी बघ.

खोली मात्र घे गं. नव्या पेठेत कॉट बेसिसवर मिळेल, बसमध्ये रोज तास-दीड तास घालवण्यापेक्षा बरी. भाडं नवऱ्याकडून घे, सासऱ्यांकडून नको. आणि मुलीला शनिवार-रविवार इकडे आणत जा.